बँकॉकला इंग्रजीचे मास्तर व्हायचंय? आधी पदवीचं सर्टिफिकेट शोधा

कोकणात परदेशी नोकरी म्हटलं की दोन वाटा सगळ्यांना पाठ असतात, आखात आणि बोट, म्हणजे जहाजावरची नोकरी. दोन्हींचे एजंट, दोन्हींचे दर आणि दोन्हींत होणारी फसवणूक सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक वाडीत सापडतं. आता मुलं तिसऱ्या वाटेबद्दल विचारू लागली आहेत. बँकॉक, हनोई, सोल, टोकियो असल्या शहरांत जाऊन इंग्रजी शिकवायचं. विचारणारे कोण? इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सावंतवाडीची मुलगी, शिक्षकभरतीच्या टीईटी-टेट परीक्षा आणि पवित्र पोर्टलच्या फेऱ्यांत वयाची तिशी गाठत आलेला लांज्याचा बी.एड., चिपळूणच्या खाजगी शाळेत आठ-दहा हजारांवर राबणारी शिक्षिका. या वाटेची माहिती द्यायला वाडीत कुणी नाही, आणि मोबाइलवर दिसते ती माहिती बहुतेक वेळा अमेरिकेच्या नाहीतर इंग्लंडच्या माणसाने आपल्या देशबांधवांसाठी सांगितलेली असते. आपल्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

मी बँकॉकच्या एका शाळेत शिकवून आलो आणि आता कुडाळला इंग्रजीचे क्लास घेतो. येणारा प्रत्येकजण पहिल्यांदा हेच विचारतो, "सर, माझं इंग्रजी तेवढं बरं आहे का?" हा प्रश्न खरं तर तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न पासपोर्ट कुठल्या देशाचा, दुसरा प्रश्न कागद पुरे आहेत का. या दोन ठिकाणी अडकलेल्याचं इंग्रजी कुणी ऐकूनच घेत नाही.

पासपोर्ट काय ठरवतो

दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाला ई-2 नावाचा व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. मात्र भारत आणि कोरियात 2010 पासून लागू असलेल्या आर्थिक भागीदारी करारात एक छोटी खिडकी आहे. पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयाला शाळेत सहायक शिक्षक म्हणून घेता येतं. म्हणजे इंग्रजी मेथड घेऊन बी.एड. केलेल्यालाच तिथे काही आशा. सोलच्या खाजगी क्लासेसची जाहिरात बघून नुसत्या बी.ए.वर अर्ज करणं म्हणजे वेळ घालवणं.

जपानमध्ये सरकारी शाळेत सहायक म्हणून जायचं तर ज्या देशाची मातृभाषा इंग्रजी नाही त्याच्या नागरिकाने आपलं किमान 12 वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचं दाखवावं लागतं. इथे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा थेट बाहेर पडतो, मग त्याचं इंग्रजी कॉन्व्हेंटवाल्यापेक्षा कितीही सरस असो. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण व्हिसा अधिकाऱ्यासमोर माझं वाटणं काय कामाचं! खाजगी भाषाशाळांसाठी व्हिसाचा प्रकार वेगळा आहे आणि तिथे पदवीवर भागू शकतं, पण त्या शाळाही उमेदवार निवडताना हात आखडताच घेतात.

चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याचं वर्क परमिट सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या पदवीधरांनाच देतात. वर जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारने शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली आणि या धंद्याचा मोठा भाग एका फटक्यात बसला. तो दरवाजा आपल्यासाठी जवळजवळ बंदच धरा.

उरतात व्हिएतनाम आणि थायलंड. व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि आरोग्य तपासणी हे सगळं लागतं आणि कागद व्हिएतनामी भाषेत भाषांतरित करून घ्यावे लागतात. हनोई आणि हो ची मिन्ह सिटी या दोन्ही शहरांत मागणी भरपूर आहे. मला स्वतःला माहीत आहे ते बँकॉक, म्हणून यापुढे तेच धरून चालतो. कुडाळहून मुंबई गाठायला कोकणकन्येत रात्र काढावी लागते. तिथून पुढे बँकॉकचं विमान साडेचार तासांच्या आतबाहेर पोचतं.

जाहिरातीत काय लिहिलेलं असतं

बँकॉकच्या शिक्षकभरतीच्या जाहिरातींत एनईएस आणि एनएनईएस अशी दोन अक्षरकोडी दिसतील. पहिलं म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेला, दुसरं म्हणजे नसलेला. आपण दुसऱ्यात. एकाच शाळेत, त्याच वर्गाला, तेवढेच तास शिकवणाऱ्या दोघांच्या पगारात दहा-पंधरा हजार बातचा (बात म्हणजे थाई चलन) फरक असणं तिथे नेहमीचं आहे. आपल्यासारखेच दुसऱ्या रांगेतले फिलिपिनो शिक्षक बँकॉकमध्ये मोठ्या संख्येने आहेत. खरी स्पर्धा त्यांच्याशी. त्यांच्यातले बरेचजण शिक्षणशास्त्राचे पदवीधर असतात आणि लहान मुलांना खेळवत शिकवण्यात पटाईत. त्यांना कमी लेखून गेलात तर महिनाभरात डोळे उघडतात.

नोकरी देणारे साधारण चार प्रकारचे. सरकारी शाळा, बहुतेकदा मधल्या एजन्सीमार्फत. खाजगी शाळा, त्यांच्यात 'इंग्लिश प्रोग्रॅम' नावाचा वेगळा विभाग असतो आणि तिथे बरेच विषय इंग्रजीतून चालतात. मॉलमधली भाषाकेंद्रं, जिथे काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. आणि इंटरनॅशनल शाळा, ज्यांचा पगार सगळ्यांत चांगला, पण अट अशी की तुमच्या देशात तुम्ही रीतसर पात्र शिक्षक असलं पाहिजे आणि हाताशी अनुभव पाहिजे.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगतो आणि अर्धे लोक ऐकून सोडून देतात. तुम्ही बी.एस्सी. बी.एड. असाल तर इंग्रजीच्या जागेच्या मागे लागू नका. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्यांची त्या इंग्लिश प्रोग्रॅमना कायम गरज असते, आणि गणित शिकवणाऱ्याला तो कुठल्या देशाचा हे फारसं कुणी विचारत नाही. उलट भारतीय माणूस गणितात पक्का, असा एक समज तिथे आहे. खरा असो वा खोटा, आपल्या सोयीचा आहे तर वापरावा. कोकण बोर्ड दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. त्यातून निघालेल्या विज्ञान शाखेच्या मुलांना ही वाट कुणी दाखवतच नाही.

कागद

इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी सगळ्यांत जास्त मुलं इथेच अडतात.

थायलंडमध्ये शाळेत शिकवायला पदवी लागते. पदवी म्हणजे विद्यापीठाचं मूळ पदवी प्रमाणपत्र. आपल्याकडे काय होतं, तिसऱ्या वर्षाची मार्कशीट हातात आली की मुलगा नोकरी शोधायला लागतो. इथल्या सगळ्या नोकऱ्या मार्कशीटवर आणि कॉलेजच्या दाखल्यावर भागतात, त्यामुळे पदवीदानाचं प्रमाणपत्र घ्यायला कुणी जातच नाही. पाच-सात वर्षांनी गरज पडते तेव्हा कळतं की ते कॉलेजमध्ये पडून आहे, विद्यापीठात परत गेलंय, किंवा अर्जच केलेला नव्हता. तेव्हा आज पहिलं काम हे करा: ट्रंक उघडा आणि ते प्रमाणपत्र घरात आहे का बघा.

मग नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीच्या कागदावर आईचंही नाव आलेलं असतं. पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर मध्ये 'ए' घालून, दुसऱ्यावर न घालता. पेडणेकर, तेंडोलकर, मुणगेकर अशा आडनावांची तर प्रत्येक ऑफिसात वेगळी तऱ्हा. आपल्या तलाठ्याला हे सगळं एकाच माणसाचं आहे हे बघताक्षणी कळतं. बँकॉकमधल्या कारकुनाला कळत नाही. तो अक्षराला अक्षर लावून बघतो आणि जुळलं नाही की फाइल बाजूला ठेवतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं यात सगळ्यांत जास्त नुकसान होतं. त्यांनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि जिथे नाव बदललंय तिथे राजपत्राची प्रत जोडूनच ठेवावी. कागदांमधला फरक दुरुस्त करायला महिने लागतात, म्हणून नोकरी शोधायच्या आधी हे उरकायचं.

त्यानंतर साक्षांकन. तुमची पदवी खरी आहे हे परक्या देशाला पटवायची एक साखळी आहे. आधी राज्य सरकारच्या पातळीवर पडताळणी, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. 'ई-सनद' या सरकारी पोर्टलवरून यातलं काही काम ऑनलाइन होऊ शकतं, पण त्यासाठी तुमचं विद्यापीठ त्या यंत्रणेत जोडलेलं असावं लागतं. एका देशाचे कागद दुसऱ्या देशात एकाच शिक्क्यावर खरे धरायचा हेगचा अपॉस्टिल करार आहे, त्यात भारत 2005 पासून आहे. जपान आणि कोरियाही त्यात आहेत, म्हणून त्या देशांसाठी मंत्रालयाचं अपॉस्टिल लागलं की काम संपतं. जो देश करारात नाही त्याच्यासाठी मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो. तुमच्या शाळेला यातलं नेमकं काय हवंय हे लेखी विचारून घ्या आणि मगच पैसे भरा. 'सगळं करून देतो' म्हणणारा एजंट गरज नसलेले दोन शिक्केही मारून आणतो आणि दोन्हींचे पैसे लावतो.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. तो सगळ्यांत शेवटी काढा, कारण जुना दाखला कुणी घेत नाही. पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते अशी नोंद, आहे का तेही बघा. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर तो असायला नको, पण दहावीचा कागद न जोडता फार पूर्वी काढलेल्या पासपोर्टवर असू शकतो. थायलंड हा ईसीआर यादीतला देश आहे, त्यामुळे तो शिक्का तसाच ठेवून नोकरीला निघालात तर विमानतळावरच अडवतील.

राहिलं इंग्रजीचं आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र. शाळा सहसा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत 990 पैकी 600 च्या वर गुण मागतात, काहींना आयएल्ट्स चालते. दोन्हींचा निकाल दोन वर्षांपुरताच धरतात. बी.एड. असेल तर वेगळ्या कोर्सची घाई नको. नसेल तर परक्यांना इंग्रजी कसं शिकवायचं याचे, टेफल नावाचे 120 तासांचे कोर्स आहेत. ऑनलाइन कोर्स स्वस्त पडतो, पण त्यात एकाही खऱ्या विद्यार्थ्यासमोर उभं राहावं लागत नाही. केंब्रिजच्या सेल्टा या कोर्समध्ये किमान सहा तास खऱ्या वर्गावर शिकवावं लागतं आणि मागे बसून परीक्षक टिपणं काढत असतो. फी भरपूर आहे. परवडत असेल तरच करा, आणि कर्ज काढून तर करूच नका. त्या पैशात आधी आपल्याच गावच्या शाळेत वर्षभर शिकवून अनुभवाचा दाखला घेतलात तर तो जास्त उपयोगी पडतो.

व्हिसाची साखळी

क्रम असा. आधी नोकरी. शाळा तुम्हाला नेमणुकीचं पत्र आणि आपले कागद पाठवते. त्यांच्या आधारावर तुम्ही भारतातूनच 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसाला अर्ज करायचा. 1 जानेवारी 2025 पासून भारतीयांचे थायलंडचे व्हिसा अर्ज ऑनलाइनच भरतात. हा व्हिसा पहिल्यांदा 90 दिवसांचा असतो. तिथे पोचल्यावर शाळा 'खुरुसपा' म्हणजे थाई शिक्षक परिषदेकडून तुमच्यासाठी शिकवण्याची तात्पुरती परवानगी मागते, मग कामगार खात्याकडून वर्क परमिट, मग इमिग्रेशनकडून वर्षभराची मुदतवाढ. यातला एक कागद राहिला की पुढचा मिळत नाही.

यावर ठरलेला प्रश्न येतो.

"सर, टुरिस्ट म्हणून आत जायचं आणि तिथे बदलून घ्यायचं, चालत नाही का? माझ्या मित्राचा दादा तसाच गेला."

"बदलून मिळतो कधीकधी, पण शाळेने सगळे कागद दिले तरच. आणि परमिट हातात येईपर्यंत वर्गात एक तास जरी घेतलास तरी ते बेकायदा काम."

"पण कोण बघतंय?"

"बघितलं तर 5,000 ते 50,000 बात दंड आणि वर हद्दपारी. शाळा म्हणेल, आम्ही याला ओळखत नाही."

नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश द्यायला सुरुवात केल्यापासून हा मोह फारच वाढलाय. आणि यातूनच अधिक भयंकर प्रकार निघालेत. 'थायलंडमध्ये नोकरी, व्हिसा लागत नाही, तिकीट आम्ही काढतो' असं सांगून मुलांना बँकॉकला उतरवतात, तिथून गाडीत घालून सीमेवरच्या माए सोतकडे नेतात आणि पलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेवर भारतीयांना माए सोतहून परत आणावं लागलं. या जाहिराती बहुतेकदा डेटा एन्ट्रीच्या नाहीतर डिजिटल मार्केटिंगच्या नावाने येतात, पण उद्या इंग्रजी शिक्षकाच्या नावाने आली तर नवल वाटून घेऊ नका. खरी शाळा तिकीट काढून देण्याआधी तुमचा डेमो, म्हणजे नमुन्याचा पाठ, बघते. इंटरव्ह्यूशिवाय नोकरी देणारा माणूस शाळेचा नाही.

एजंटामार्फत जायचंच असेल तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली तो नोंदणीकृत असला पाहिजे. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर अशा एजंटांची यादी आहे, नोंदणी रद्द झालेल्यांचीही आहे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. दोन-अडीच लाख मागणाऱ्याला हा आकडा ऐकवून बघा, तो लगेच 'प्रोसेसिंग', 'डॉक्युमेंटेशन' असली नावं काढू लागतो. बोटीवर जाण्याच्या नादात खोट्या सर्टिफिकेटांसाठी आंब्याची कलमं गहाण टाकलेली घरं आपल्याकडे आहेत. त्यांना वेगळं सांगायला नको.

डेमो

कागद पुरे झाले की तुमच्या इंग्रजीचा नंबर लागतो, आणि इथे आपली माणसं भलत्याच ठिकाणी मार खातात. इंटरव्ह्यूत पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगतात. कधी ऑनलाइन, समोर फक्त मुख्याध्यापिका, आणि तुम्ही असं धरायचं की समोर दुसरीची चाळीस मुलं आहेत.

आपला माणूस सुरू करतो: "गुड मॉर्निंग स्टुडंट्स, टुडे वी आर गोइंग टु लर्न सिंपल प्रेझेंट टेन्स." मग व्याख्या, मग फळ्यावर तक्ता, मग "रिपीट आफ्टर मी", मग "डू यू अंडरस्टँड?" मुलं सुरात "येस टीचर" म्हणतात आणि आपण खूश. त्या सात वर्षांच्या थाई मुलाला यातलं 'येस टीचर' सोडून एक अक्षर कळलेलं नसतं.

त्याऐवजी हे करून बघा. आंब्याचं चित्र वहीमागे लपवा आणि वरून थोडंसं दाखवा. "बॉल?" मुलं म्हणतील नो. अजून थोडं. "एग?" नो. पूर्ण काढलं की वर्ग स्वतःच ओरडतो, "मँगो!" थायलंडमध्ये आंबा सगळ्यांना माहीत आहे, चिकट भाताबरोबर खातात. मग तुम्ही पोटावर हात फिरवून म्हणायचं, "आय लाइक मँगोज." मग कारल्याचं चित्र, तोंड वाकडं, "आय डोन्ट लाइक." तिसऱ्या चित्राला बोलणं तुम्ही सोडून द्यायचं आणि एखाद्या मुलाकडे नुसता हात करायचा. तो आपणहून वाक्य बोलला तर पाठ लागू पडला. व्याख्या एकही नाही, तक्ता नाही. समजलं का, असंही विचारायचं नाही. दुरियन या फळाचं चित्र धरून "टीचर लाइक? येस ऑर नो?" म्हणून बघायचं, उत्तरावरूनच कळतं. पंधरा मिनिटांत तुम्ही स्वतः किती कमी बोललात, यावर समोरची बाई गुण देत असते.

उच्चारांत आपल्या तीन खोडी पकडल्या जातात. एक, व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला आपला एकच 'व'. 'व्हेरी'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत, 'वेल'ला ओठांचा चंबू झाला पाहिजे. आरशासमोर उभं राहून करा. दोन, 'थिंक'मध्ये आपण थाळीतला थ वापरतो. तिथे जिभेचं टोक दातांमध्ये आणून नुसती हवा सोडायची असते. तीन, आघात. 'हॉटेल', 'डेव्हलप' असे शब्द आपण पहिल्याच अक्षरावर आदळतो. पहिल्यात तो शेवटच्या अक्षरावर हवा, दुसऱ्यात मधल्या. एका बाबतीत मात्र आपण वरचढ आहोत. थाई मुलांची शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळतात, 'हाउस'चं 'हाउ' होतं. आपण शेवटचा स ठणठणीत उच्चारतो, आणि मुलांना नेमकं तेच ऐकायला हवं असतं. अमेरिकन ढंगात बोलायचा प्रयत्न मात्र करू नका. तो दोन वाक्यं टिकतो आणि तिसऱ्यात हसू होतं.

पैसे

आखातातल्यासारखी शिल्लक इथे पडत नाही. एजन्सीमार्फत सरकारी शाळेत लागलेल्या भारतीय शिक्षकाला महिना 25,000 बात मिळतात असं धरू. हिशेबाला बात अडीच रुपयांचा धरला, तर साडेबासष्ट हजार रुपये. ऐकायला बरं वाटतं. आता खर्च काढा. शहराच्या कडेला, स्कायट्रेनच्या शेवटच्या टप्प्याला एक खोली 7,000 बात. वीज-पाणी दीड हजार. जेवण 6,000. प्रवास दोन हजार. फोन, किरकोळ, सरकारी फी असं दीड हजार. झाले 18,000. उरले 7,000, म्हणजे साडेसतरा हजार रुपये.

एजन्सीच्या कराराचे महिने मोजा. बऱ्याच वेळा करार दहा महिन्यांचा असतो आणि सुट्टीचा पगार मिळत नाही. दहा महिन्यांत उरलेले 70,000 बात, त्यातून बिनपगारी दोन महिन्यांचे 36,000 वजा. वर्षाची शिल्लक 34,000 बात, म्हणजे 85,000 रुपये. बारा महिन्यांचा करार देणाऱ्या खाजगी शाळेत पगार दोन हजारांनी कमी असला तरी ती घ्या.

जाताना हाताशीही रक्कम लागते. खोलीला दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ, म्हणजे 21,000 बात. पहिला पगार महिनाअखेर, तोवर जगायला 11,000. हेच ऐंशी हजार रुपये झाले. विमान आणि कागदांचा खर्च वेगळा. सव्वा ते दीड लाख स्वतःचे असतील तरच निघा.

भरतीचा हंगाम शाळेच्या वर्षावर ठरतो. पहिलं सत्र मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यामुळे शाळा मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये माणसं शोधतात. मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडे ऐन आंब्याची काढणी, घरचे सोडत नाहीत. एप्रिलच्या मध्याला तिथे सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असतं आणि ऑफिसं बंद राहतात, म्हणून कागद त्याआधी पोचले पाहिजेत.

तिथे गेल्यावर

मुलापेक्षा आईचे प्रश्न वेगळे असतात. "माझो झिल थंय जावन खातलो काय?" मासे-भात खाणाऱ्याची बँकॉकात आबाळ होत नाही. नारळाचं दूध, मिरची, कोळंबी, भात, सगळं आहे. फिश सॉसचा वास पहिले काही दिवस नको वाटतो. मात्र शाकाहाऱ्याचे हाल होतात, कारण तो सॉस भाजीतही असतो. पाहुरत भागात गेलं की डाळी, पीठ, मसाले मिळतात.

शाळेत सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत. त्याआधी फाटकावर उभं राहून मुलांचे नमस्कार घ्यायची पाळी शिक्षकांकडे असते. राजघराण्याबद्दल कुठलीही टीकाटिप्पणी वर्गात, कट्ट्यावर किंवा फोनवरच्या पोस्टमध्ये करायची नाही. तो तिथे गंभीर गुन्हा आहे.

आता गणपती. तो पहिलं सत्र चालू असतानाच येतो, सुट्टी मिळत नाही. थाई लोकही गणपतीला मानतात, हुआई ख्वांगच्या चौकात मोठं मंदिर आहे, पण घरच्या आरतीची भूक तिथे भागत नाही हे खरं. तरीही चार दिवसांची रजा मिळवून निघालातच, तर विमानात बसण्याआधी री-एंट्री परमिट काढा. एका खेपेचे 1,000 बात पडतात. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षभराची मुदतवाढ तिथेच रद्द होते आणि सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवणंही सक्तीचं आहे.

नोकरी सोडतानाही काळजी घ्या. तुमचा मुक्काम त्या नोकरीला बांधलेला असतो. शाळेने वर्क परमिट रद्द केलं की राहण्याची मुदतही संपते, म्हणून राजीनाम्याची तारीख आणि परतीचं तिकीट एकदम ठरवा. नवी शाळा मिळाली असेल तर जुनीकडून सोडल्याचं पत्र नेमक्या तारखेचं घ्या. मुदतीनंतर राहिलात तर दिवसाला 500 बात दंड, कमाल 20,000. आणि 90 दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर स्वतःहून निघालात तरी वर्षभर प्रवेशबंदी. निघायच्या आधी अनुभवाचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट, इंग्रजीत मागून घ्या आणि त्यावरचं तुमचं नाव पासपोर्टशी अक्षराला अक्षर जुळवून मगच विमानतळ गाठा.